हिरव्या खेकड्याची बदली

समुद्री जीव पाळणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात मला सगळे 'सर' म्हणतात. ऑफिसात माझं मत कुणी विचारत नाही, घरात तशी पद्धतच नाही. पण गुरुग्राम, फरिदाबादहून लोक अंधुक फोटो पाठवतात, "सर, टाकीतल्या दगडातून हे काय निघालं?" आणि मी चष्मा पुसून निकाल देतो. केसाळ पाय, नांग्यांची टोकं काळी: मांसाहारी आहे, ताबडतोब बाहेर काढा. हिरवी गुळगुळीत पाठ, टोकं पांढरी, चमच्यासारखी: शेवाळ खातो, राहू द्या. गुलाबी केसाळ किडा: टाकीची साफसफाई करतो, फक्त हात लावू नका. हा शेवटचा सल्ला मी हात लावून मिळवला होता. बोटांत घुसलेले केस माझ्या बायकोने, हेमलताने, चिकटपट्टीने उपटले आणि दर केसामागे मला एकेक शब्द ऐकवला.

कादंबरी, म्हणजे आमची मुलगी, नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या तिच्या खोलीत मी खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. त्यात माझी सर्वांत लाडकी एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. पाण्यात हात घातला की ती येऊन माझी नखं साफ करायची. या घरात माझी एवढी काळजी दुसरं कुणी घेत नाही, असं मी एकदा हेमलतासमोर बोलून गेलो. त्यानंतर आठवडाभर माझ्या डब्यात रोज दुधी होता.

शनिवारी सकाळी पाहतो तर टाकीतला हिरवा खेकडा माझी कोळंबी खात होता. मिशा, पाय, शेपटी, सगळं त्याच्या नांगीत. माझं डोकंच फिरलं. चिमटा आणि जाळी घेऊन मी तासभर त्याच्या मागे लागलो, सगळे दगड उपसले आणि शेवटी त्याला डब्यात कोंबलं. ग्रुपवर कोळंबीला श्रद्धांजली टाकली. मग मेट्रोने थेट नोएडाला जाऊन, ज्या दुकानातून तो आणला होता तिथेच फुकट देऊन आलो.

परतलो तेव्हा हेमलता भाजी घेऊन आली होती. "खेकडा कुठंय?" तिने विचारलं.

"नोएडाला. खून केलाय त्याने."

"मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तू तर टाकीकडे बघतही नाहीस."

"अच्छा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. जेवताना तिने एवढंच सांगितलं, "माझा होता तो."

मला आधी कळलंच नाही.

"मी रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात असते. कादंबरीला फोन करावा तर ती मीटिंगमध्ये. पालक निवडायला मी त्याच्यासमोर बसायचे. देठ वाफवून दिला की हातातून घ्यायचा. बोलायचे मी त्याच्याशी."

"काय बोलायचीस?"

"ते त्याला विचारा."

टाकीत नायट्रेट, म्हणजे उरलंसुरलं खाणं कुजून होणारा क्षार, का वाढतंय म्हणून मी कितीतरी दिवस पाणी तपासत होतो. ग्रुपवर त्यावर प्रवचनही झोडलं होतं. पालकाचा विषय त्यात कुठेच नव्हता.

रविवारी संध्याकाळी दगडामागून कोळंबी बाहेर आली. धडधाकट, चकचकीत, आधीपेक्षा थोडी मोठीच. तिने कात टाकली होती आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसली होती. खेकडा बिचारा टाकलेलं टरफल खात होता. 'घाबरू नका, कोळंबी मेलेली नाही, ही कात आहे,' असं मी ग्रुपमध्ये किती नवशिक्यांना समजावलंय! आणि माझ्या श्रद्धांजलीखाली अजून हात जोडलेले लोक येतच होते. क्षणभर वाटलं, नवी आणली म्हणून ठोकून द्यावं. पण हेमलता दारातच उभी होती.

"जा," ती म्हणाली. "तुम्ही नेलात, तुम्हीच आणा."

दुकानदार अंशुमन आमच्याच ग्रुपमधला. "अरे सर! आपका केकड़ा? वो तो मैंने नए माल के साथ डाल दिया." त्याने टाकी दाखवली. आत सगळे हिरवेच खेकडे. "सब एक जैसे हैं, पर आप तो देखते ही पहचान लोगे."

मी वाकलो. पाठी गुळगुळीत, टोकं पांढरी, चमच्यासारखी. जात मी छातीठोकपणे सांगू शकलो असतो. आमचा कोणता, ते मात्र काही केल्या कळेना. अंशुमन आदराने वाट पाहत होता. शेवटी लाज सोडून मी त्याच्यासमोरच घरी फोन लावला.

"अगं, त्याची काही खूण?"

"एवढे फोटो ओळखता ना लोकांचे?"

"हेमलता, प्लीज."

ती म्हणाली, "काचेजवळ जा. अजून जवळ. तोंड लावा काचेला. आता बघा, कोण पळतंय."

मी तोंड लावलं. खायला मिळेल या आशेने सगळे पुढे सरसावले. कोपऱ्यातल्या एकाने मात्र मला पाहिलं आणि तो जिवाच्या आकांताने दगडाखाली शिरला.

"एक पळाला," मी म्हणालो.

"तोच. आणा त्याला."

घरी आणून, पाणी थेंबथेंब मिसळून मी त्याला टाकीत सोडलं आणि खोलीबाहेर आलो. हेमलता पालकाचे देठ घेऊन आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज येऊ लागला. खालच्या मजल्यावरचं भांडण, दुखणारा गुडघा, कादंबरी दिवाळीला नक्की येईल की नाही याची धास्ती. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ती मध्येच हसलीसुद्धा. मला वाईट वाटलं आणि त्या खेकड्याचा सरळसरळ हेवा वाटला.

मला आत जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं. पण मी आत गेलो असतो तर तो दगडाखाली पळाला असता आणि ती बोलायची थांबली असती. म्हणून मी दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकत राहिलो.