मयताच्या गाडीची दांडी

मी बॅट बोलतेय, बेसबॉलची. चुलीवरच्या खिळ्याला टांगलेली बॅट काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. पण ऐकून घ्या, उद्या उशीर झालेला असेल.

बॅट होण्याआधी मी मयताच्या गाडीची दांडी होते. दोन काळ्या घोड्यांच्या मधोमध असायचे. नदीकाठच्या आमच्या हार्लो गावातलं प्रत्येक मयत माझ्यामागून दफनभूमीत गेलं. घोडे बदलले, गाडीवान बदलले, पण मी आणि तो टेकडीचा रस्ता तेच राहिलो. पुढे गाडी मोडली आणि मी ऑटो क्लिंगरच्या अंगणात येऊन पडले. ऑटो लाकूड कातायचा.

तेव्हा पगारी संघ नुकते निघाले होते आणि खेळाडूंना जुन्या गाडीच्या दांडीचं भारी वेड. वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या लाकडाच्या बॅटीला तोड नाही, असं म्हणायचे. हार्लो संघाचा एझ्रा विटकॉम ऑटोकडे आला.

"ऑटोकाका, दांडीचीच ना? नाहीतर कुंपणाचं लाकूड गळ्यात माराल."

"अरे लेका, गाडीचीच आहे. उचलून तर बघ!"

कुणाची गाडी, हे एझ्राने विचारलं नाही. ऑटोलाही ते ठाऊक नव्हतं. माझा काळा रंग त्याच्या पायाशी भुशात पडला होता.

मला एकच रस्ता माहीत होता. एझ्राने पहिला फटका मारला आणि चेंडू थेट डावीकडे, मैदानापलीकडच्या थडग्यांत गेला. मैदानाला कुंपण नव्हतं. समोरचा खेळाडू थडग्यांशी जाऊन घुटमळला, तोवर एझ्रा चारही बेस धावून परतलाही. परगावी गेलो तरी तेच. दफनभूमी जिकडे, तिकडे चेंडू. हार्लो जिंकतच सुटलं.

"दादा, तुझ्या बॅटीला मेलेल्यांचा फार लळा दिसतो," लायमन हसायचा. हा एझ्राचा धाकटा भाऊ, त्याच संघात. एझ्राही हसायचा. या भावावर त्याचा भारी जीव.

मग एके दिवशी माझा फटका भलतीकडे गेला. चेंडू गवतातून हळूच घरंगळत आला आणि सामना बघायला खुर्ची टाकून बसलेल्या पर्डीआजोबांच्या बुटाला टेकून थांबला. आजोबांनी कौतुकाने तो उचलला. आठवडा संपायच्या आत त्यांचं मयत टेकडीवर गेलं. पुढच्या महिन्यात असाच चेंडू दुसऱ्या संघाच्या एका धडधाकट गड्याच्या पायाशी थांबला. तोही तापाने गेला. मी कुणाला मारलं नाही हो. ज्याला गाडी लागणार, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच मी जन्मभर केलं होतं.

एझ्रा मला घेऊन ऑटोकडे गेला. ऑटोने मुठीची दोरी सोडली. खाली मयताच्या गाडीच्या काळ्या रंगाचा पट्टा उरला होता. ऑटोने मला झटकन खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले. एझ्राने भावाला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "घाबरतोस काय लाकडाला? दादा, तू आता म्हातारा झालास!"

एझ्राने नवी बॅट घेतली. ती हंगामाच्या विजेत्याला मिळणाऱ्या झेंड्यासाठीच्या शेवटच्या सामन्यात मोडली आणि कप्तानाने मलाच त्याच्या हातात कोंबलं. एका धावेने आम्ही मागे होतो. शेवटचा गडी एझ्रा, आणि तिसऱ्या बेसवर लायमन.

तेव्हा मला ओढ लागली. टेकडीकडे नाही, तिसऱ्या बेसकडे. एझ्राच्या तळव्यांना ती कळली. त्याने भावाकडे पाहिलं.

"मार ना, दादा!" लायमन ओरडला.

एझ्राने मला खांद्यावर घट्ट दाबून धरलं. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. लोक शिव्या घालू लागले. तिसरा चेंडू वाकडा आला, मला नुसता चाटला आणि एझ्राच्याच पायांशी पडला. तिथेच थांबला. एझ्रा धावला नाही. चेंडूकडे बघत त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. समोरच्यांनी चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला, एझ्रा बाद झाला आणि झेंडा गेला.

लायमन त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. पहिला बर्फ पडला त्या दिवशी एझ्राचं मयत टेकडीवर गेलं. नव्या गाडीमागून लायमन चालत होता, तेव्हाही रागातच. ऑटोने त्याला सगळं सांगितलं, ते त्याने हसण्यावारी नेलं.

आता लायमनच्या घरात मी टांगलेली आहे. उद्या हंगामाचा पहिला सामना. भावाने घालवलेली अब्रू याच बॅटीने परत आणीन, असं त्याने गावभर सांगितलंय. आज संध्याकाळी त्याने मला खाली उतरवून तेल लावलं. त्याच्या हातात असताना माझी ओढ त्याच्याच पायांकडे वळते, हे मला कळलंय.

लायमन, चूल माझ्या खाली हातभरावर आहे. मला तिच्यात घाल, बाबा. तुझा भाऊ त्या दिवशी घाबरला होता, हे खरं आहे. तुझ्यासाठी घाबरला होता.