मिठाच्या पाण्यातली आई

मी खोल समुद्रातली आठ हातांची आई बोलतेय. ऑक्टोपस म्हणतात आम्हाला. पण माझी जात नेमकी कोणती, हे मला जाळ्यातून काढणाऱ्या, बोटीवरून समुद्रातले जीव गोळा करणाऱ्या साहेबालाही सांगता आलं नाही.

आमच्याकडं उजेड नसतो. एका दगडाला अंडी चिकटवून मी त्यांच्यावर बसले होते. पिल्लं बाहेर येईपर्यंत आमच्यात आई काही खात नाही, जागची हलत नाही. १९३४ साली जाळं आलं आणि मला दगडासकट वर घेऊन गेलं. साहेबानं मला काचेच्या बरणीत, जळजळीत स्पिरिटात बुडवलं. तिथंच मी मेले, पण अंडी सोडली नाहीत. आणि खरं सांगते, ज्या पाण्यानं माझा जीव घेतला, त्यानंच आम्हाला सडू दिलं नाही.

साहेबाला माझ्याहून धड अशी दुसरी सापडली, तेव्हा मी बरणीसकट त्याच बोटीवरच्या मानसिंग खलाशाच्या वाट्याला आले. त्यानं मला इंदापूर तालुक्यात, निरवांगीला आपल्या घरी आणलं. बघायला गाव लोटलं. कुणी नाक मुरडलं, कुणी हात जोडले. मानसिंगची आई बानूबाई मात्र बरणीपुढं बसूनच राहिली. तिचा जन्म मेंढरांमागं गेला होता.

"आरं, ही लेकुरवाळी हाय. आन तू तिला दारूत बुडवलीस व्हय?"

"आये, मेलीया ती."

"मंग अंडी का सोडंना?"

मानसिंग हसला आणि बोटीवर परत गेला. त्याची पाठ वळताच बानूबाईनं स्पिरिट बाभळीच्या बुडाशी ओतून दिलं. तिच्या घरी मेंढी व्याली की तिला मिठाचं कोमट पाणी पाजतात. तेच तिनं माझ्या बरणीत भरलं, आणि किती मायेनं भरलं! तिच्यावर धड रागावताही येईना मला.

आता पाणी गढूळ झालंय. अंडी लिबलिबीत पडलीत. शेजारणी नाकाला पदर लावतात, आणि ही बाई रोज नव्यानं मीठ घालते. आज माझा एक हात सुटून तळाशी गेला.

"हालली! सारजे, हालली बघ!" बानूबाईनं सुनेला हाक मारली. तिचे डोळे भरून आले होते.

बानूबाई, तो हालला नाही गं, गळाला. अजून सात आहेत, सगळे अंड्यांवरच आहेत. मीठ पुरे कर. ते जळजळीत पाणी कुठूनही आण. मला आता धरवत नाही.