दगाबाज पायरी

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. आता असं समजा, की तुम्ही डोंगरावरच्या एका गावात आला आहात. गाव एवढंसं, की खालच्या टोकाला कुणी शिंकलं तर वरच्या टोकाचा माणूस म्हणतो, "सर्दी झाली वाटतं." घरं दगडाची, उतारावर खांद्याला खांदा लावून उभी. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाने दारात सरकून वाट द्यायची. शेकडो वर्षांपूर्वी हे गाव बांधलं तेव्हा शत्रू कधी चालून येईल याचा नेम नसायचा. म्हणून खालची गल्ली आणि वरची गल्ली यांच्यामध्ये एक जाडजूड बुरूज आहे. वर जायचं तर बुरुजाच्या पोटातला जिना चढावाच लागतो.

दिसलं का गाव? मग उघडा डोळे, कारण आपली भिंगरी आत्ताच त्या जिन्यात शिरते आहे.

भिंगरी म्हणजे एक लहान मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून मामाने हे नाव ठेवलेलं. मामा पाथरवट. जुनी दगडी कामं दुरुस्त करतो. या गावात काम निघालं तेव्हा सुट्टी होती, म्हणून भाचीलाही सोबत घेतलं.

"हळू जा, अंधार आहे," मामा मागून म्हणाला. तोवर भिंगरी वळणापर्यंत पोहोचली होती. पुढच्याच क्षणी धप्प!

मामा धावला. भिंगरी पायरीवर पालथी पडली होती आणि गुडघा खरचटला होता.

वरून एक बाई कंदील घेऊन उतरल्या. कमरेला हातभर लांब किल्ली. बुरुजाची देखभाल त्यांच्याकडे होती, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाल्या काकू म्हणत. त्यांनी पदराआडून मलमाची डबी काढली.

"पडलीस ना? ये. डबी मी हाताशीच ठेवते. पाहुणा आला की डबी निघालीच."

भिंगरीने डोळे पुसून पायरीकडे पाहिलं. बाकीच्या पायऱ्या सारख्या होत्या. ही एकटीच दुप्पट उंच.

"कुणी बांधली ही? त्याला नीट मोजता येत नव्हतं का?"

काकू हसल्या. "चांगलं येत होतं. मुद्दाम केलीय. शत्रू अंधारातून धावत वर आला, की इथे पाय अडून तोंडावर आपटायचा. एक पडला की मागचे त्याच्यावर. वरच्यांना आयती चाहूल लागायची."

"पण मी शत्रू नाहीये!"

"तेच तर, बाई. आता येतात ते पाहुणे. म्हणून तुझ्या मामाला मीच बोलावलं, ही पायरी सारखी करून दे म्हणून. मन होत नाही, पण काय करू? रोज कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटतो."

"मामा, तोडूनच टाक ती!" भिंगरी म्हणाली.

"तोडायची कशाला? खाली निम्म्या उंचीचा दगड बसवला की एकीच्या दोन होतील," मामा म्हणाला. "आधी लाकूड ठेवून बघू."

मामाचा नियमच होता. दगड लावण्याआधी त्या जागी लाकूड लावून बघायचं, माणसं चालवायची, मगच छिन्नीला हात घालायचा. त्याने जाड ओंडका त्या पायरीखाली घट्ट बसवला. भिंगरी दोनदा चढली, दोनदा उतरली. कुठे अडलं नाही. काकूंनी मात्र नुसता सुस्कारा टाकला.

तेवढ्यात वरून शीळ ऐकू आली. भाजीवाले काका बटाट्यांची टोपली डोक्यावर घेऊन खाली येत होते. काकू ओरडणार, तोच काकांचा पाय सवयीने खोल जायला निघाला आणि मध्येच ओंडक्यावर आदळला. काका मटकन खाली बसले. टोपली उलटली. बटाटे टणाटण उड्या मारत गल्लीत पळाले.

"कुणी ठेवलं हे इथे?" काका गरजले. "माझा पाय काय डोळ्यांना विचारून टाकतो मी? लहानपणापासून इथे खोल उतरतो!"

"लागलं का हो?" मामा खजील झाला.

"मला नाही. बटाट्यांना विचारा." मग काकांनाच हसू फुटलं. "मुलाकडे शहरात गेलो, की वळणावर आपोआप पाय उंच टाकतो. सून म्हणते, बाबा, जिना चढताय की घोड्यावर बसताय?"

भिंगरी बटाटे वेचता वेचता थांबली.

"काकू, म्हणजे पायरी सारखी केली, तर गावातले सगळेच पडणार?"

काकूंचा चेहरा उजळला. "अगं, सगळेच! भारे घेऊन, लेकरं कडेवर घेऊन." त्या मामाकडे वळल्या. "काढा ते लाकूड. पायरी राहू द्या."

"राहिली," मामा ओंडका काढत म्हणाला. "पण मग पाहुण्यांचं काय?"

काकूंनी डबी उघडली, मिटली.

"त्यांना आधीच सांगायचं," भिंगरी म्हणाली. "वळणाच्या अलीकडे. पाय उंच टाका म्हणून."

"लिहून? सगळ्यांना वाचता थोडंच येतं?" काका म्हणाले.

"लिहून नाही. पाय कोरायचा. दगडात. वर चाललेला."

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे.

"जुन्या दगडाला छिन्नी लागू देणार नाही," काकू म्हणाल्या.

"नव्यावर कोरतो. भिंतीला टेकवून ठेवू, शेजारी कंदील टांगून."

"मग चालेल. पण पाय कुणाचा?"

मामाने गावाबाहेर उभ्या केलेल्या गाडीतून गुळगुळीत दगड आणून खालच्या गल्लीत उन्हात ठेवला आणि खिशातून खडू काढला. भिंगरी खाली बसली. तिने बूट काढला, मोजा काढला, पाऊल चांगलं पुसलं आणि दगडावर ठेवलं. मामा बोटांभोवती खडू फिरवू लागला तशा तिला गुदगुल्या व्हायला लागल्या. पण ती जागची हलली नाही.