न उचललेलं बाळ

काचेच्या दारापलीकडे बाळ रडत होतं आणि अलीकडे ताई मनगटातलं घड्याळ उगाचच फिरवत उभ्या होत्या. दार ढकललं की झालं. पण शेजारी पाळणाघराच्या मोठ्या बाई उभ्या होत्या आणि आत जायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मोठ्या बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांची खुर्ची ताईंना मिळावी, असं पालकांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांनाच वाटत होतं. ताईंच्या खांद्यावर गप्प झालं नाही असं मूल इथे कोणी पाहिलं नव्हतं. घोडं अडलं होतं ते तिथेच. कोणाकडचंही मूल रडलं की ताईंचे हात शिवशिवत. "आण इकडे" म्हणत त्या ते काढूनच घेत आणि सांभाळणारी बाई रिकाम्या हातांनी बघत राही. मागे अशाच दोघी सोडून गेल्या. ताई येऊ देतील तर मुलं आमच्याकडे येतील ना, असं एकीने जाताना तोंडावर सांगितलं होतं. ताईंना ते फार लागलं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकंही न काढता तो म्हणाला, की तुला बढती नको, आणखी चार हात हवेत.

मुख्य बाईने मूल उचलायचं नाही, असा इथला दंडक होता. तिने एकदा उचललं की ते बाकी कोणाला दाद देत नाही. ताईंना हा आजवर निव्वळ कोरडेपणा वाटत आला होता. मोठ्या बाईंना मुलांचा लळाच नाही, असं त्या स्वयंपाकिणीपाशी बोलूनही गेल्या होत्या.

आतली बाई नवी होती. आधी चपलांच्या दुकानात होती आणि बाळाला धरायचीही खोक्यासारखं, अंगापासून लांब. बाळाने काचेतून ताईंना पाहिलं आणि दोन्ही हात पसरून सूर आणखी वर नेला.

"पोटाशी धरायला हवंय त्याला," ताई पुटपुटल्या.

"मग तिला सांगा."

"सांगून जमतं का ते? एकदा दाखवते आणि लगेच परत देते."

"तुम्ही परत द्याल हो, तो जायला हवा ना. पुढच्या महिन्यात ऑफिसात बसून तुम्ही फोन धराल की मुलं?"

ताईंनी दार थोडंसं उघडलं. आवाज जमेल तितका सपाट ठेवून म्हणाल्या, "अगं, आधी तू खाली बस. तू घाबरलीस ना, म्हणून तोही घाबरलाय. आता जवळ घे."

नवी बाई सतरंजीवर बसली. बाळाची पाठ ताईंकडे झाली, पण रडणं काही थांबेना. ताईंनी दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. मग नव्या बाईला काय सुचलं कोण जाणे, ती बाळाला थोपटत दुकानातल्या सुरात बोलू लागली. लाल पट्ट्याची दाखवू का साहेब, काळी दाखवू? ही चावते का पायाला? बाळाने हुंदका दिला, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, आणखी एक हुंदका दिला आणि तिच्या गळ्याशी तोंड खुपसलं.

मोठ्या बाईंनी ताईंच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. उद्यापासून ऑफिसात बसत चला, एवढंच सांगून त्या निघून गेल्या.

चारच्या सुमारास ताई आत डोकावल्या. नवी बाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. बाळाने मान उचलून ताईंकडे पाहिलं. ओळखीचं किंचित हसलं आणि गाल पुन्हा त्याच खांद्यावर टेकवला.

नवी बाई ओशाळली. "घ्या ना ताई. तुमच्याकडे येईल तो."

"नको, राहू दे. झोपेला आलाय."

त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. ताईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि दार आवाज न करता लावून घेतलं.