उलटा बाक

झुलालचं नाव निघालं की अभिमन मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागे. झुलाल म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. परवापरवापर्यंत एरंडोलला पलंगाचे पाय कातत बसणारा माणूस बंदुकांचे लाकडी दस्ते बसवायला काय लागला, आणि थेट धुळ्यापर्यंत त्याची वाहवा! वर नात्यानं त्याला 'दाजी, दाजी' करायचं. अभिमनने याच कामात केस पांढरे केले होते, पण त्याचं कौतुक करताना लोकांच्या तोंडाला कुलूप.

नीलेशभाऊंच्या बंदुकीच्या दुकानात, मागच्या खोलीत अभिमन काम करी; झुलालही याच दुकानाची कामं घरी नेऊन करी. दोघांना पुरेल इतकं काम आता येत नव्हतं. एकालाच ठेवायचं, असं नीलेशभाऊ उघड बोलू लागले होते. अशात दोंडाईचाकडचे प्रेमराज आबा आले. रानडुकरांपायी घेतलेल्या त्यांच्या परवान्याच्या बंदुकीचा दस्ता मुठीपाशी चिरला होता. तो अभिमनच्याच हातचा.

"झुलाल-बिलाल माले म्हाईत नही," आबा म्हणाले. "अभिमनभाऊ, जशा व्हता तशाच करी दे."

खरं तर इथेच त्याने सुखानं रंधा हातात घ्यायचा. पण दुसऱ्याच दिवशी झुलालने दस्ता बसवलेली एक बंदूक साफसफाईला आली आणि नीलेशभाऊ तिच्यावरून हात फिरवत बसले. "काय घडण आहे, मिस्त्री!" अभिमन नुसता जळफळला. भाऊ पुढे गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतताच त्याने तो दस्ता पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने उतरवून घेतला. दस्त्याला डावीकडे किंचित बाक होता. आयुष्यभर बहुतेक दस्त्यांना अभिमन उजवीकडे बाक देत आला होता. हाच तर त्या लबाडाचा मंतर! मी ह्याहून सरस करून दाखवतो, म्हणाला, आणि शिसवी लाकडावर पटाशी चालवायला लागला.

आबा आले. नवा दस्ता खांद्याला लावला, मान वाकडी केली, पुन्हा लावला. गाल लाकडाला अडतच होता.

"हाई मना गाल काब्र अडकस? नळीनं टोकच दिसत नही!"

नीलेशभाऊंनी बंदूक हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, ही तर त्या झुलालच्या दस्त्याची नक्कल! तो डावखुऱ्या गिऱ्हाइकाचा होता. डावखुऱ्याचा बाक उलटा असतो, हे मी तुम्हाला सांगायचं?"

सांगायची गरजच नव्हती. डावखुऱ्यांचे दस्ते अभिमनने स्वतः केले होते. मत्सराने त्याची मती गेली होती, दुसरं काय! त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आबा रागावले नाहीत, तेच वाईट. "झुलालनाच पाहिजे व्हता तं मी त्यानाकडेच जातू ना, भाऊ," ते म्हणाले आणि नीलेशभाऊंकडे वळले. "आते त्यालेच दी द्या."

नीलेशभाऊंनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून झुलालचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू आला.

"आबांचा दस्ता? तो तर अभिमनभाऊंच्या हातचा! सफाईला दुकानात यायचा, तेव्हा तो पाहून पाहूनच तर मी शिकलो. जुना दस्ता जपून ठेवा, भाऊ. हुबेहूब तसाच करून देतो."

अभिमन मान खाली घालून पटाशी पुसत राहिला. झुलालचा इतका हेवा त्याला आजवर कधी वाटला नव्हता.