कापसासाठी खाली केलेलं घर

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, पार्बताबाई नावाची एक विधवा माळीण राहत असे. ज्या पोरींवर कुणी जबरदस्ती केली आणि मग घरच्यांनीच ज्यांना दार लावलं, त्या तिच्याकडे येत. घर कापसाचे दलाल खुशालराव यांचं. त्यांच्या बहिणीने लहानपणी अशाच कारणाने विहीर जवळ केली होती, म्हणून त्यांनी ते दिलं होतं. गल्लीतल्या बाया ओट्यावर ज्वारी ठेवून जात. आत कुणी येत नसे.

मग समुद्रापार कुठेशी लढाई लागली आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. गावात देवळांच्या पडव्यासुद्धा कापसाने भरल्या. एका सकाळी खुशालराव आले, पण बसले नाहीत.

"पार्बताबाई, घर खाली करा लागते. कापूस ठेवाले जागा नाही राहिली."

"अन् पोरी?"

"त्याईले अमरावतीले सरकी काढाच्या कामावर लावतो. हा शालिकराम उद्या गाडी घेऊन येईन."

शालिकराम त्यांचा नवा मुकादम. तो दारातून एकेकीकडे पाहत होता. "चांगल्या हायेत पोरी," तो सावकाश म्हणाला.

आत पोरींतली सगळ्यात लहान जमुना ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ते दोघे गेल्यावरही ती भिंतीला चिकटून बसून राहिली.

"मावशी, हा तोच हाये. आवाज तोच हाये."

पार्बताबाई तशीच खुशालरावांच्या पेढीवर गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लहान पोर हाये. चुकत असन."

"चुकत नाही ते."

"मायाजवळ दुसरा माणूस नाही, बाई. सारा कापूस त्याच्या हाती हाये." ते तिच्याकडे न पाहता बोलले.

त्या दिवशी बाजार होता. दुपारी माळणी रिकाम्या टोपल्या घेऊन आपापल्या गावी निघाल्या, तशी प्रत्येकीसोबत एकेक पोर निघाली. डोक्यावर टोपली असलेल्या पोरीला कुणी हटकत नाही. जमुनेला गंगूबाईने घेतलं. जमुना पार्बताबाईचा पदर सोडेना.

"तू कावून नाही येत, मावशी?"

"इथं कोणी दिसलं नाही, तं तो आजच शोधाले निघन."

दुसऱ्या दिवशी शालिकराम आला, तर घरात एकटी पार्बताबाई. तो रागावला नाही. त्याने पाणी मागितलं, सावकाश प्यायला.

"माळणीनं नेल्या वाटते," तो म्हणाला. "माळणी काय, बाजाराले येतच असतात."

घर आढ्यापर्यंत कापसाने भरलं. पार्बताबाई भावाच्या मळ्यात राहायला गेली. पुढच्या बाजाराला शालिकराम भाजीच्या ओळीतून फिरताना दिसला. त्यानंतरच्या बाजाराला गंगूबाई आलीच नाही. पार्बताबाईने नदीकाठाने तिचा मळा गाठला. जमुना चुलीपाशी होती.

"काल एक माणूस वांगे मागत आला," गंगूबाई म्हणाली. "आमच्या मळ्यात वांगे कुठं हायेत? पाह्यत राह्यला अन् गेला."

पार्बताबाई पाणीही न पिता उठली. जमुनेचा हात धरून तिने मेळघाटाकडची वाट धरली. त्या दोघी अकोल्यात पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

महिन्याभराने खुशालराव स्वतः भाजीच्या ओळीत आले. "पार्बताबाई कुठं हाये? खुशाल तरी हाये का?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

गंगूबाई पालकावर पाणी शिंपडत राहिली. खुशालरावांच्या मागे शालिकराम उभा होता, उत्तराची वाट पाहत.