रिकाम्या खाटा

“लोक शहाणे झाले, सिस्टर,” मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणाले. कॅज्युअल्टीतल्या सगळ्या खाटा रिकाम्या होत्या. लॉकडाउनच्या आधी याच खोलीत जमिनीवर गाद्या टाकाव्या लागत. ऊठसूट सर्दीखोकल्याला धावत येणारे आता घरी बसतात, विभागावरचा ताण निम्म्याने उतरला, असं ते वरच्या बैठकीत सांगणार होते.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्दीखोकला गेला, ठीक आहे. पण छातीत कळ येणारे कुठे गेले? तोंड वाकडं झालेले कुठे गेले? त्यांच्या दुखण्यांनाही घरी बसायचा हुकूम निघालाय का? तिने अगदी याच शब्दांत विचारलं. डॉक्टर हसले आणि जरा विश्रांती घ्या म्हणाले.

विश्रांतीच तर चालली होती. साथीचे रोगी मागच्या इमारतीत होते. तिथल्या नर्सना पाणी प्यायला सवड नव्हती, आणि इथला माणूस तिकडे हलवायचा नाही असा नियम होता. म्हणून ही दिवसभर मलमपट्टीचं गॉज कापून घड्या घालत बसायची. घरी परतली की गल्लीतले लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण माश्या मारत बसतो हे सांगणार कुणाला? तिने ताईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दुपारी दाराशी भाजीचा टेम्पो थांबला. त्यातून तिचीच ताई उतरली, आणि तिच्या मागून शेजाऱ्याने भाऊजींना धरून उतरवलं. भाऊजी बसचे कंडक्टर. बोलायला लागले की समोरच्याने हात टेकावेत. मेहुणीची थट्टा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. आज त्यांचा उजवा हात लोंबत होता, ओठ एका बाजूला ओघळला होता आणि तोंडातून नुसती घरघर येत होती.

“कधीपासून?” सिस्टरने विचारलं.

“काल सकाळी हातातून कप पडला. म्हटलं अशक्तपणा असेल. तेल लावून हात चोळून दिला.”

“काल सकाळी? आणि मला एक फोन नाही करता आला?”

“तुला अजून कशाला त्रास द्यायचा? टीव्हीवर बघतो ना आम्ही, तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि हेच नको म्हणाले. तेव्हा बोलता येत होतं यांना थोडं. म्हणाले, आपल्यापेक्षा जास्त आजारी माणसाची खाट कशाला अडवायची?”

ड्युटीवरच्या डॉक्टरने स्कॅन करून घेतला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ कालच टळून गेली, असं तो खाली बघत म्हणाला. जीव वाचेल. बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही. ते इंजेक्शन सिस्टरच्या पाठीमागच्या कपाटात होतं. कालही तिथेच होतं, आणि ती त्याच्याकडे पाठ करून गॉज कापत होती.

तिला ओरडावंसं वाटलं. ताईवर, टीव्हीवर, त्या टाळ्यांवर, स्वतःवर. मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा आवाज न चढवता ती त्यांना भाऊजींच्या खाटेपाशी घेऊन गेली.

“हे बघा सर, शहाणा झालेला माणूस.”

डॉक्टरांनी कागदपत्रं चाळली, नुसती मान हलवली आणि ते पुढे गेले. पुढे बघायला कुणी नव्हतंच.

ताई इतका वेळ उभीच होती. आता कुठे तिने मान वळवून खोली पाहिली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून घातलेल्या चादरी.

“अगं, इथे तर कुणीच नाही,” ती म्हणाली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही तुझा, जरा आडवी हो, म्हणून सिस्टरने शेजारची खाट दाखवली. ताईने चादरीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“नको. कुणी अडलंनडलं आलं तर?” असं म्हणून ती भाऊजींच्या खाटेला टेकून खाली फरशीवर बसली.